खडीवालीचं काम

गाण्याच्या एखाद्या नाटकाचा सिनेमा निघतो, आणि ज्या बाईनं ते काम रंगमंचावर शेकडो वेळा केलेलं असतं तिला घरी बसवून पोस्टरवरचा चेहरा घेतला जातो. असं झालं की आमच्या निवृत्त मास्तरांच्या कट्ट्यावर दोन तट पडतात. एक तट म्हणतो, हा कलेचा अपमान आहे. दुसरा म्हणतो, सिनेमा हा धंदा आहे आणि धंद्यात चेहराच चालतो. मी एकेकाळी पेटी वाजवत होतो हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे दोन्ही तट माझ्याकडे बघतात. मी चहा संपवतो आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठतो. मला या विषयावर मत नाही असं नाही. ते सांगायला माझं तोंड नाही, एवढंच. का नाही, ते एकदा लिहून टाकावं म्हणून बसलोय.

आमचं गाव तामलवाडीपासून चालत तासाभराचं. घरात मोठा भाऊ ढोलकीवाला, वहिनी गाणाऱ्या, आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, सुट्टीत पेटीवाला. आजोबांच्या वेळेस आमचा तमाशाचा फड होता. छप्पन साली धम्म घेतल्यावर वडिलांनी गण बंद केला, गवळण बंद केली, देवादिकांची सोंगं तर पहिल्याच दिवशी बंद केली. वंदना म्हणायची आणि थेट वगाला हात घालायचा, असा आमचा जलसा झाला. एवढं सगळं टाकून दिलं तरी एक जुनी रीत मात्र राहिली. वगातलं काम कुणी करायचं हे ठरलं की त्याच्या हातात पानसुपारीचा विडा द्यायचा. ज्यानं विडा घेतला, काम त्याचं. मग त्याला ताप येवो, नाहीतर घरात मयत होवो, ते काम तोच करणार आणि दुसरं कुणी त्याला हात लावणार नाही. वडिलांना एकदा मी विचारलं होतं की ही रीत कशी काय ठेवली. ते म्हणाले, "ह्यात देव कुठाय? ही मानसामानसातली गोष्ट हाय."

बहात्तरच्या दुष्काळात गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं. जत्रा बंद, लग्नं बंद, त्यामुळे जलशालाही कुणी बोलावत नव्हतं. माझा पगार घरातल्या आठ तोंडांना पुरायचा नाही, तेव्हा भाऊ मातीच्या पाट्या वाहायला गेला आणि वहिनी खडी फोडायला. घरात अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, कामावर मिळायची ती गोड पिठाची सुकडी. त्या काळाबद्दल लोक फार हळवं होऊन बोलतात. मला आठवतो तो मिलोचा वास, आणि वर्गातली पोरं बाकावरच झोपायची ते.

त्या खडीवर बसून वहिनींनी वग जमवला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण एकदा जुळवलेली ओळ त्या विसरायच्या नाहीत. गोष्ट अगदी साधी. एक बाई तान्हं लेकरू बाभळीला झोळी बांधून तिच्यात निजवते आणि खडी फोडायला बसते. लेकरू रडायला लागतं. मुकादम म्हणतो, हजेरी होईपर्यंत उठायचं नाही. मग ती बसल्या जागेवरून, लांबच्या झोळीला ऐकू जाईल अशा आवाजात अंगाई म्हणायला लागते, हातोडी चालूच. लेकरू हळूहळू गप होतं. बाई खूश होते, निजलं म्हणते, आणि आणखी मायेनं गाते. लेकरू का गप झालंय ते बघणाऱ्यांना कळलेलं असतं. तिला कळलेलं नसतं. वग तिथंच संपतो, ती गात असतानाच.

दुष्काळ ओसरल्यावर पहिल्याच बैठकीला भावानं विडा वहिनींच्या हातात दिला. तेव्हापासून खडीवालीचं काम त्यांचं. मी पेटीवर बसलो तेव्हा मास्तरकी अंगात असल्यामुळे मला त्यात चुका दिसल्या. त्या ओळीच्या मधेच, शब्द अर्ध्यावर तोडून दम घ्यायच्या. मी म्हणालो, "वैनी, शब्द पुरा झाल्यावर दम घ्या, बरं दिसंल." त्या म्हणाल्या, "भावजी, हातुडी वर जाती तवाच दम घ्यावा लागतो. खाली येताना दम आसतो का कुनाला?" त्यानंतर मी सुधारणा करायच्या भानगडीत पडलो नाही. वहिनींची पट्टी म्हणजे पेटीची काळी चार. एवढ्या वरच्या पट्टीत गाणारी बाई आमच्या भागात दुसरी नव्हती, कारण त्यांच्या डोक्यात झोळी कायम लांब असायची. मांडव छोटा असला तरी त्या शेवटच्या माणसाच्याही पलीकडं कुठंतरी बघून गायच्या.

वग चालला. चांगलाच चालला. त्याच वर्षांत तालुक्यात सहकारी साखर कारखाना उभा राहत होता. शेअर घ्या म्हणून गावोगाव सभा व्हायच्या, आणि नुसत्या भाषणाला माणसं येत नाहीत म्हणून आधी आमचा वग ठेवायचे. वगातला मुकादम ज्यांच्या घरात शोभला असता ती मंडळी पुढच्या खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवायची. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. मोटार न्यायला यायची, मोटार सोडायला यायची.

अशाच एका सभेला कोल्हापुराकडच्या एका सिनेमा कंपनीचा दिग्दर्शक आलेला होता. दुष्काळ सरून तेव्हा पाच-सहा वर्षं झाली असतील. आठवड्याभरानं त्यांचा व्यवस्थापक आमच्या दारात आला. कारखान्यातल्या कुणीतरी त्याला शिकवून पाठवलं होतं की कलावंतांच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नसतं, म्हणून त्यानं ताटात नारळ आणि विडा आणला होता. दार वहिनींनी उघडलं. त्यानं ताट त्यांच्यापुढं धरलं.

वहिनींनी नारळ उचलून बाजूला ठेवला, आमच्यात नारळ चालत नाही असं समजावून सांगितलं, आणि विडा घेतला.

मला ओट्यावरून ते दिसत होतं. तो बिचारा हसत उभा होता. त्याच्या लेखी त्यानं पाहुण्याची रीत पाळली होती. वहिनींच्या लेखी त्यानं सिनेमातलं खडीवालीचं काम त्यांना दिलं होतं आणि त्यांनी ते घेतलं होतं. दोघांनाही शंका नव्हती. शंका फक्त मला होती, कारण त्याच्याबरोबर आलेला टाइप केलेला कागद माझ्या हातात होता आणि तो मी वाचला होता. त्यात लिहिलं होतं की वगाची कथा आणि पदं चित्रपटासाठी वापरायला आमची संमती आहे. काम कोण करणार याबद्दल त्यात चकार शब्द नव्हता.

"काय लिवलंय?" भावानं विचारलं.

"वगाचा शिनेमा करायचा म्हनत्यात," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं.

मी पुढचं का बोललो नाही, ते सांगतो. व्यवस्थापक मघाशी ओट्यावर मला म्हणाला होता, "मास्तर, रेकॉर्डिंगला पेटीवर तुम्हालाच बसवू." मला ठाऊक होतं की कागदातली गोष्ट वहिनींना कळली तर त्या विडा परत करतील आणि सिनेमा तिथंच बारगळेल. मला मोठ्या स्टुडिओत पेटीवर बसायचं होतं. पुढं कधीतरी सांगू, तोवर कदाचित कंपनीवाले त्यांनाच घेतीलही, अशी मी माझी समजूत घातली. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला मुद्दे कमी पडत नाहीत. अंगठे उमटले, सही झाली.

रेकॉर्डिंग मुंबईत झालं आणि त्यात कुणीतरी दुसराच पेटीवर बसला. मला ते पोस्टकार्डानं कळलं. कार्डात मनःपूर्वक आभार होते. ते मी घरात कुणाला वाचून दाखवलं नाही.

वहिनींनी त्या हंगामात एकही कार्यक्रम घेतला नाही. विडा घेतलाय, गळा जपायला पाहिजे, म्हणाल्या. आंबट सोडलं. भाऊ कुरकुरला तर त्याला म्हणाल्या, "एकदा त्या पडद्यावर गेलं की कायमचं. मी मेल्यावर बी नातवंडं बघत्याल." एरवी त्या स्वतःबद्दल फार बोलायच्या नाहीत. त्या वर्षी बोलल्या. विहिरीवर बायकांना सांगायच्या की आपल्या तळ्यावरच शूटिंग आहे, तुम्ही पण या. मी ते ऐकायचो आणि शाळेला उशीर झाला म्हणून निघून जायचो.

शूटिंग खरोखरच त्याच पाझर तलावावर ठरलं, ज्याची खडी वहिनींनी फोडली होती. त्या सकाळी त्या लवकर उठल्या, जलशातलं हिरवं नऊवारी नेसल्या, केस चापून बसवले, आणि स्वतःची हातोडी फडक्यात बांधून घेतली. भाऊ आणि मी बरोबर होतो. तळ्यावर गेल्यावर कपडेपटाच्या माणसानं त्यांच्याकडं बघितलं आणि एक विटकं लुगडं पुढं केलं. "गर्दीला एवढं चांगलं नको," तो म्हणाला. वहिनींना वाटलं, खडीवाली गरीब दाखवायचीय म्हणून. त्या लुगडं बदलून आल्या आणि ढिगावर जाऊन बसल्या, जिथं खडीवाली बसते तिथंच.

थोड्या वेळानं कारखान्याच्या गेस्ट हाऊसमधून गाडी आली. नटी उतरली. तिला मी पोस्टरांवर पाहिलं होतं, तुम्हीही पाहिलं असेल. तिच्या अंगावर नवं कोरं लुगडं होतं आणि ते तीन ठिकाणी व्यवस्थित फाडलेलं होतं. व्यवस्थापक वहिनींजवळ गेला आणि अगदी अदबीनं म्हणाला, "ताई, तुम्ही जरा त्या बायांमध्ये बसता का? आणि बाईंना जरा दाखवा, हातोडी कशी धरायची."

वहिनी उठल्या. त्या तडक माझ्याकडं आल्या.

"भावजी, कागदात काय लिवलं व्हतं?"

"गोष्ट आन् पदं मागितली व्हती."

"आन् मी?"

"तुमचं काय लिवल्यालं न्हवतं."

"तुमाला तवाच ठावं व्हतं?"

"व्हय," मी म्हणालो. खोटं बोलायचं तेव्हाच बोलून झालं होतं.

त्यांनी तळ्याकडं बघितलं. तळ्यात पाणी बरं होतं त्या वर्षी. मग म्हणाल्या, "मंग त्येनं विडा कशाला दिला?"

"त्याला विड्याचं काय ठावं न्हाय, वैनी. त्यो पान खायला दिल्यावानी देऊन गेला."

"मला तर ठावं हाय न्हवं," वहिनी म्हणाल्या. "म्या घेतलाय त्यो." आणि वळून नटीकडं गेल्या. भावानं ढोलकीची पिशवी खांद्यावर टाकली आणि घरी निघून गेला. तो माझ्याशी पुढं दिवाळीपर्यंत बोलला नाही.

मला वाटलं होतं नटी नखरेल असेल. तसं असतं तर माझं ओझं बरंच हलकं झालं असतं. पण ती शहाणी बाई होती. ती खाली खडीत बसली, खाली काही अंथरलं नाही. पहिल्याच दिवशी तिच्या तळहाताला फोड आले. तिनं पट्टी बांधली आणि परत हातोडी उचलली. वहिनी तिला शिकवत होत्या ते बघायला मी शाळेतून रजा काढून चार दिवस गेलो. मला तिथं काही काम नव्हतं. घरी बसवत नव्हतं.

"ताई," नटी म्हणाली, "गाणं माझ्या गळ्यातून येणार नाही, मी फक्त ओठ हलवणार. पण गळा ताणलेला दिसायला हवा. मी किती मोठ्यानं म्हणायचं?"

"झोळी किती लांब हाय त्यावर हाय, बाई," वहिनी म्हणाल्या. "ती बाभळ दिसती न्हवं? तितनं तुमचं लेकरू वळून बघाया पायजे."

नटीनं खरंच गाऊन बघितलं. आवाज चिरकला, बायका हसल्या, ती स्वतःही हसली. वहिनी हसल्या नाहीत. "आनी एकदा," म्हणाल्या. असं त्यांनी तिच्याकडून वीस-पंचवीस वेळा करून घेतलं. दम कुठं घ्यायचा ते हातोडी तिच्या हातात देऊन, वर स्वतःचा हात धरून दाखवलं. आमच्या जलशात कुणालाही त्यांनी एवढं जीव तोडून शिकवलेलं मी पाहिलं नव्हतं. दुपारी नटीसाठी वेगळा डबा यायचा, पण ती वहिनींच्या फडक्यातली भाकरी आणि ठेचा खायची आणि तिखटानं वाहणारं नाक पुसत बसायची.

तिसऱ्या दिवशी माझ्यानं राहवलं नाही. मी दिग्दर्शकाला गाठलं. डोक्यावर ओला टॉवेल टाकून तो बाभळीखाली बसला होता. मी म्हणालो, एकदा वहिनींना करून बघू द्या, एकदाच. त्यानं मला शेजारी बसवलं. चांगला माणूस होता. "मास्तर," तो म्हणाला, "तुमच्या वहिनी ग्रेट आहेत, ते मला तुम्ही सांगायची गरज नाही. पण त्या शेवटच्या रांगेसाठी गातात. माझा कॅमेरा हातभर अंतरावर असतो. आणि खरं सांगू? खडीवालीला बघायला कुणी तिकीट काढत नाही. या बाई खडी फोडताना कशा दिसतात, ते बघायला काढतात." मी उठून बायकांच्या घोळक्याकडं परत गेलो.

मुंबईत रेकॉर्ड झालेलं गाणं भोंग्यावर लागलं तेव्हा आम्ही ते पहिल्यांदा ऐकलं. गाणारी नामांकित होती. ती अगदी हळू, पदराआड लपवल्यासारखं गात होती, दम जिथं शब्द संपतो तिथं घेत होती, आणि मागं चाळीस-एक व्हायोलिन असावीत. नटीनं शिकल्याप्रमाणं गळा ताणला, हातोडी उचलताना दम घेतला. दिग्दर्शक म्हणाला, "नको, ओरडल्यासारखं दिसतंय. गाणं हळू आहे." नटीनं वहिनींकडं बघितलं. तिला वाईट वाटलेलं दिसत होतं. मग तिनं सगळं सोडून दिलं आणि दुसरंच केलं. हातोडी हलकी चालवत राहिली, चेहरा जवळपास हलवलाच नाही, ओठ जरासे, आणि नजर एकदाच, फक्त एकदा, बाभळीकडं गेली. मी नाक मुरडलं. चार दिवसांच्या शिकवण्याचं यात काय उरलं, असं मी मनाशी म्हणालो.

चौथ्या दिवशी नटी गाडीत बसताना वहिनींच्या पाया पडली. वहिनींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. घरी येताना वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, "काम पुरं झालं." मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी लुगड्याचा बोळा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या की हे विटकं कंपनीचं आहे, कारखान्याच्या गेस्ट हाऊसला नेऊन द्या.

सिनेमा धाराशिवला लागला तो पुढच्या उन्हाळ्यात. कारखान्यानं गावाला ट्रॅक्टर-ट्रॉल्या दिल्या आणि तळ्यावर काम केलेल्या सगळ्या बायका मॅटिनीला गेल्या. मी आणि वहिनी एसटीनं गेलो. भाऊ आला नाही. थिएटरात वहिनी माझ्या डाव्या हाताला बसल्या. गर्दीच्या एका दृश्यात त्या क्षणभर दिसल्या, तोंड हलवत होत्या, आणि त्यातून मुंबईचा गोड कोरस येत होता. त्या खुदकन हसल्या. "बगा, तोंड माजं आन् गळा कुनाचा," म्हणाल्या. मला बरं वाटलं. हसत असतील तर फार मनावर घेतलेलं नाही, असा मी हिशेब केला.

मग शेवटचं गाणं आलं.

मला त्या गाण्यातलं सगळं चुकीचं दिसत होतं. दम चुकीच्या जागी, पट्टी तीन सूर खाली, हातोडीचा ठेका व्हायोलिननं झाकलेला. मी एकेक चूक मोजत होतो. आणि मग नटीची नजर बाभळीकडं गेली. जी मला तळ्यावर काहीच वाटली नव्हती ती नजर पडद्यावर भिंतीएवढी झाली, आणि तिच्यामागोमाग कॅमेरा झोळीकडं गेला. झोळीतून एक छोटी मूठ बाहेर आलेली होती. ती उघडी होती. नटी गात होती, खूश होऊन.

मला रडू फुटलं. डोळ्यात पाणी आलं वगैरे नव्हे. हुंदके आले, नाक वाहायला लागलं, मी धोतराचा सोगा तोंडात कोंबला. हा वग मी सहा-सात वर्षं वाजवला होता. ते मूल दर कार्यक्रमाला मरत होतं. त्याच्यासाठी मी एकदाही रडलो नव्हतो.

आज मी त्याची कारणं देऊ शकतो. वगात झोळी कधी दिसतच नाही, ती वहिनींच्या आवाजानं आपल्याला लांबवर उभी करावी लागते. सिनेमानं ती उचलून माझ्या मांडीवर आणून ठेवली. शिवाय वाजवणारा माणूस रडायला मोकळा नसतो. त्याचं लक्ष पट्टीवर, भात्यावर, ढोलकीवाल्याच्या मानेवर. ही कारणं खरी आहेत. पण तेव्हा थिएटरात मला कारणं नव्हती, नुसतं रडू होतं, आणि ते थांबल्यावर मी डावीकडं बघितलं तर वहिनी पडद्याकडं बघत नव्हत्या. माझ्याकडं बघत होत्या. कधीपासून, ते मला माहीत नाही.

बाहेर आमच्या गावच्या बायका डोळे पुसत उभ्या होत्या. त्यातली एक, जी तळ्यावर वहिनींच्या शेजारच्या ढिगावर बसायची, म्हणाली, "लई खरं केलंय गं त्या बाईनं. आक्षी आपल्यातलीच वाटली." वहिनी म्हणाल्या, "गुनाची हाय ती." एसटीत त्यांनी खिडकीजवळची जागा घेतली आणि घर येईपर्यंत बाहेर बघत बसल्या.

सिनेमा गाजल्यामुळे आमच्या जलशाला परत मागणी आली. त्या साली कारखान्यानं गळिताच्या शुभारंभाला, मोळी टाकण्याच्या कार्यक्रमानंतर, खडीवालीचा वग ठेवला. दुपारची वेळ, मोठा मांडव, मळीचा वास. मी पेटी काढायला लागलो तर वहिनी म्हणाल्या, "आज पेटी नको. निस्ती ढोलकी बास हाय. तुमी फुडं बसा, भावजी."

"पेटीबिगर कसं व्हईल?"

"म्या तवा दगडावर बसून म्हनत व्हते तवा कुटं पेटी व्हती? बसा फुडं. कदी बघितलंय तुमी?"

खरं होतं. मी कधी बघितलंच नव्हतं. मी पहिल्या रांगेत सतरंजीवर बसलो.

त्या दिवशी त्यांच्यासारखं कुणी गायलं नसेल. आवाज माझ्या डोक्यावरून, मांडवाच्या मागं, उसाच्या गाड्यांच्याही पलीकडं जात होता. हातोडी वर गेली की दमासाठी शब्द तुटत होता, तुटलेल्या शब्दाचं दुसरं टोक त्या हातोडी खाली आल्यावर उचलत होत्या. हे किती अवघड आहे ते त्या मांडवात माझ्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. मला सगळं कळत होतं. एकेक जागा ओळखीची होती आणि एकेक जागा बरोबर पडत होती. आणि माझे डोळे कोरडे होते.

वहिनी एरवी लांब बघून गायच्या. त्या दिवशी शेवटच्या अंगाईला त्यांनी नजर खाली आणली आणि माझ्यावर ठेवली. मी रडू फुटायची वाट बघितली. काही झालं नाही. त्या बघत होत्या. त्यांना ते हवं होतं, एवढंच, आणि ते देणं माझ्या हातात आहे असं मला वाटलं. मी मान खाली घातली, उपरणं डोळ्यांना लावलं आणि खांदे हलवले. एकदा नाकही ओढलं.

त्यांनी पद पुरं केलं. एक मात्रा चुकली नाही. टाळ्या झाल्या, चेअरमन उठून उभे राहिले.

मांडवाच्या मागं त्या तांब्यातल्या पाण्यानं चूळ भरत होत्या. भाऊ ढोलकीची वादी सैल करत होता. मी जवळ गेलो आणि म्हणालो, "वैनी, आज लई—"

"भावजी," त्या म्हणाल्या, "सोंग करू नका. तुमाला येत न्हाय."

रागानं म्हणाल्या नाहीत. नव्या पोरीला चुकीची जागा दाखवताना जसं सांगायच्या, तसं सांगितलं.

खडीवालीचं काम त्यांनी पुन्हा केलं नाही. कुणी विचारायला आलं की गळा गेला म्हणून सांगायच्या. गळा गेला नव्हता. पुढं कितीतरी वर्षं सकाळी भाकरी थापताना त्या ते पद म्हणत असायच्या, त्याच पट्टीत, आणि वाटेवरूनसुद्धा ऐकू यायचं. मी अंगणात पाऊल टाकलं की थांबायच्या.